कोड दाखवला, ठीक; पण तो बांधला कशाने?

31 मार्चला पाणीपट्टी भरली, पावतीवर शिक्का त्याच तारखेचा, तरी पुढच्या बिलात 84 रुपये शास्ती. एक निवृत्त गुरुजी ती पावती घेऊन नगरपालिकेच्या खिडकीवर तिसऱ्यांदा आले होते आणि योगायोगाने मी आत बसलो होतो. "अहो, 84 रुपयांचा प्रश्न नाही. मी थकबाकीदार नाही एवढं कागदावर लिहून द्या," असं ते म्हणत होते आणि क्लार्क माझ्याकडे बघत होता. कारण त्या सॉफ्टवेअरच्या देखभालीचं काम तेव्हा नुकतंच आमच्या छोट्या फर्मकडे आलं होतं. (गावाचं नाव सांगत नाही, ठेकेदाराचंही नाही. बरेच जण अजून तिथेच आहेत.)

जुन्या ठेकेदाराने करारात लिहिल्याप्रमाणे सोर्स कोडची सीडी दिलेली होती. ती उघडली. चूक दहा मिनिटांत सापडली. तारीख मुदतीपेक्षा "कमी किंवा तेवढीच" आहे का असं बघायला हवं होतं, तिथे नुसतं "कमी" होतं. एक चिन्ह राहिलेलं. बदललं, सेव्ह केलं, आणि क्लार्कला म्हटलं, संध्याकाळपर्यंत करून देतो.

ती संध्याकाळ आलीच नाही.

प्रोग्राम डेल्फी 7 मधला. त्यात पावत्या छापायला ठेकेदाराने कुठून तरी आणलेले तयार भाग वापरलेले. त्या भागांचा सोर्स सीडीवर नाही, फक्त आधीच कंपाइल केलेल्या फाइली हव्यात, आणि त्या होत्या ठेकेदाराच्या ऑफिसातल्या एका पीसीवर. तो पीसी भंगारात गेला होता. म्हणजे सोर्स कोड हातात, चूक समोर दिसतेय, दुरुस्तीही केलेली, आणि त्यातून चालणारा प्रोग्राम काही बांधता येत नाही. पुढची दोन वर्षं, नवीन सिस्टम येईपर्यंत, 31 मार्चच्या पावत्या तो क्लार्क लाल पेनाने दुरुस्त करत होता.

पण खरा धक्का वेगळा होता. चालू असलेली एक्झी फाइल मी घरच्या लॅपटॉपवर घेतली तर अँटीव्हायरस ओरडला. इंड्यूक नावाचा व्हायरस. क्लार्क शांतपणे म्हणाला, "हो, ते येतं. आधीच्या साहेबांनी सांगितलंय, त्याला अपवाद टाकायचा." मी सीडीवरचा सगळा कोड वाचून काढला. व्हायरसचं नाव नाही. कोड स्वच्छ, त्यातून झालेला प्रोग्राम बाधित.

हे कसं, ते समजायला मला बरेच दिवस लागले, आणि आजची पोस्ट त्याच्याबद्दल आहे. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपण प्रोग्रामर जे लिहितो तो सोर्स कोड, माणसाला वाचता येणारा. मशीनला तो कळत नाही. मधे एक प्रोग्राम लागतो जो याचं मशीनच्या आकड्यांत रूपांतर करतो, तो कंपायलर. जे आकडे तयार होतात त्याला बायनरी म्हणतात. इंड्यूक 2009 साली उघडकीला आला, आणि त्याची चाल अशी होती: संगणकावर डेल्फीची 4 ते 7 यातली आवृत्ती आहे का बघायचं, असेल तर डेल्फीची एक छोटी लायब्ररी फाइल स्वतःला आत घालून नव्याने कंपाइल करायची, आणि बदललेला सोर्स पुसून टाकायचा. त्यानंतर त्या मशीनवर जो जो प्रोग्राम बांधला जाईल त्यात व्हायरस आपोआप. प्रोग्रामरने स्वतःच्या कोडची ओळ न् ओळ तपासली तरी काही सापडणार नाही, कारण खोट कोडात नव्हतीच, ती बांधणाऱ्या हत्यारात होती. सुदैवाने इंड्यूक पसरण्यापलीकडे फारसं काही करत नव्हता. पाणीपट्टीचा हिशेब त्याने बिघडवला नाही, ते काम आमच्या बिरादरीतल्या माणसानेच केलं होतं.

आता पुढचा प्रश्न. कंपायलर हाही एक प्रोग्रामच. मग कंपायलर कोण कंपाइल करतं?

उत्तर ऐकून आपल्या घरातल्या बायकांना अजिबात आश्चर्य वाटणार नाही. दही लावायला विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे कालचं दही. बहुतेक मोठ्या भाषांचे कंपायलर त्याच भाषेत लिहिलेले असतात. गो भाषेचा कंपायलर गो मध्ये, रस्टचा रस्टमध्ये, हास्केलचा जीएचसी बांधायला जीएचसीच हवा. कालच्या कंपायलरने आजचा बांधायचा, आजच्याने उद्याचा. कालचं दही आंबट असेल तर आजचं किती स्वच्छ दूध घेतलंत याला अर्थ नाही.

हा धोका जगाला पहिल्यांदा नीट समजावून सांगितला तो केन थॉम्पसनने. युनिक्स बनवणाऱ्या दोघांपैकी एक. 1983 चं ट्युरिंग पारितोषिक त्याला मिळालं, आणि त्या निमित्ताचं त्याचं भाषण 1984 च्या ऑगस्टमध्ये छापून आलं. जेमतेम तीन पानांचं. त्यात त्याने आधी एक निरागस उदाहरण दिलंय. सी भाषेत एक विशिष्ट चिन्ह आलं की त्याचा अर्थ 11 हा आकडा, हे कंपायलरला शिकवायचंय. पहिल्यांदा कंपायलरच्या कोडात स्पष्ट 11 लिहावं लागतं. कंपाइल करा. आता त्या बायनरीला ही गोष्ट ठाऊक झाली. मग कोडातून 11 काढून टाका आणि तिथे तेच चिन्ह लिहा. चालतं! यापुढे कोडात 11 कुठेच नाही, पण कंपायलरला माहीत आहे, आणि प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला ते सांगत राहते. लेखी कुठे नाही, तोंडी परंपरा.

मग तो म्हणतो, 11 च्या जागी चोरी ठेवा. कंपायलरला शिकवा की लॉगिनचा प्रोग्राम समोर आला तर त्यात माझा एक चोर-पासवर्ड गुपचूप घाल. आणि दुसरी गोष्ट शिकवा: कंपायलरचा स्वतःचा कोड समोर आला तर त्यात या दोन्ही गोष्टी परत घाल. एकदा कंपाइल करा आणि कोडातून सगळं पुसून टाका. आता लॉगिनचा कोड स्वच्छ, कंपायलरचा कोड स्वच्छ, जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला वाचायला द्या. चोरी बायनरीत जिवंत. थॉम्पसनने हे नुसतं बोलून दाखवलेलं नाही, करून पाहिलं होतं. तो मूळ कोड त्याने रस कॉक्सला दिला आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये कॉक्सने तो टिपांसकट प्रसिद्ध केला. वाचायला मजा येते आणि मग झोप लागत नाही.

आमच्यातले अनुभवी लोक यावर हसतात. "एवढा उद्योग कोण करतं? चोराला खिडकी उघडी असताना तो पाया खणून येईल का?" हा मुद्दा खोटा नाही. बहुतेक चोऱ्या अजूनही पासवर्ड 'अ‍ॅडमिन123' ठेवल्यामुळेच होतात. पण गेल्या काही वर्षांत काय झालं ते बघा. 2015 मध्ये चीनमध्ये अ‍ॅपलची एक्सकोड ही अ‍ॅप बनवायची अवजारं अधिकृत जागेवरून उतरवायला फार वेळ लागायचा, म्हणून लोकांनी दुसरीकडून घेतली. त्यात बदल केलेला होता, आणि प्रामाणिक प्रोग्रामरांच्या हातून बाधित अ‍ॅप तयार झाली, वीचॅटसारखं अ‍ॅपसुद्धा. 2020 मध्ये सोलरविंड्सच्या बाबतीत कोडाच्या कपाटाला कुणी हात लावला नाही, कोड बांधला जात असतानाच एक फाइल बदलली जायची. कंपनीच्या सहीशिक्क्यासह ते सुमारे 18,000 ग्राहकांकडे गेलं. आणि 2024 च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दिसलं की एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याचा मागोवा घेत तो एक्सझेड नावाच्या साध्या फाइल दाबायच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचला. त्या चोरवाटेचं सामान चाचणीच्या फाइली म्हणून सगळ्यांसमोर ठेवलेलं होतं, पण ते चालू करणारी ओळ सार्वजनिक कोडात नव्हती. ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. लाखो सर्व्हर एका माणसाच्या अर्ध्या सेकंदाच्या चिडचिडीने वाचले.

या तिन्हीत "कोड दाखवा" म्हणून काही निष्पन्न झालं नसतं. कोड चांगलाच होता.

मग उपाय? इथे मला खरोखर आनंद देणारी गोष्ट आहे. ज्यांच्याकडे अजिबात विरजण नसतं ते काय करतात? गरम दुधात सुक्या लाल मिरचीची देठं टाकतात. पहिलं दही पातळ, जरा विचित्र, खाण्यासारखं नसतं. त्याचं दुसरं लावायचं, मग तिसरं, आणि मग घट्ट दही. जगभरच्या थोड्या वेड्या मंडळींनी कंपायलरसाठी नेमकं हेच केलंय.

जेरेमाया ओरियन्सच्या स्टेज-झिरोमध्ये सुरुवातीला एक इवलासा प्रोग्राम आहे, हेक्स-झिरो. तो फक्त एकच काम करतो: सोळाच्या पायावरचे आकडे अक्षरांत लिहिलेले वाचायचे, शेजारच्या टिपा सोडून द्यायच्या, आणि खरे आकडे बाहेर टाकायचे. बस. 2023 च्या एप्रिलमध्ये जीएनयू गिक्सच्या लोकांनी जाहीर केलं की त्यांची सगळी सॉफ्टवेअरची रास आता ज्या बीजावर उभी राहते ते 357 बाइटचं आहे. 357! देवनागरी अक्षर साठवायला 3 बाइट लागतात, म्हणजे आपल्या लिपीत ही फक्त 119 चिन्हं झाली. या पोस्टचा पहिला परिच्छेदसुद्धा त्यात बसत नाही. पूर्वी ते आंधळा विश्वास ठेवायच्या ज्या बायनरींपासून सुरुवात करत, त्या मिळून 250 एमबीच्या आसपास होत्या.

मी त्या बीजाचे आकडे छापून घेतले. ए-फोरच्या एका कागदावर मावतात. शेजारी टिपा वाचत, प्रोसेसरचं मॅन्युअल उघडून, पेन्सिलीने एकेक आकड्यावर खूण करत गेलो. तीन रविवार गेले. सौ. म्हणाली, एवढं इन्कम टॅक्सचं बघितलं असतंत तर. पण शेवटच्या आकड्यावर खूण केली तेव्हा गेल्या वीस वर्षांत पहिल्यांदा एखादा प्रोग्राम मला पूर्ण माहीत आहे असं वाटलं.

त्या बीजातून पुढे जिना चढत जातो. हेक्स-झिरोने जरा सोयीचा हेक्स-वन, त्याने हेक्स-टू, मग साधासा असेंब्लर, मग एम-टू-प्लॅनेट हा सी भाषेचा थोडासाच भाग समजणारा कंपायलर. त्याने बांधायचं मेस (आपली खानावळ नव्हे, हे यान न्यूवनहाउझेनचं सॉफ्टवेअर आहे, स्कीम भाषा समजणारा एक प्रोग्राम आणि त्या स्कीममध्ये लिहिलेला सी कंपायलर). मेसने टायनी-सीसी. त्याने जीसीसी 2.95.3, म्हणजे 2001 सालचा. मग 4 च्या मालिकेतला, आणि तिथून आजचा. मधला जुना जीसीसी का लागतो? कारण 4.8 पासून, म्हणजे 2013 पासून, जीसीसी बांधायला सी++ कंपायलर लागतो. त्याच्या आधीच्याला नुसता सी चालतो. जिन्याची ती पायरी वगळता येत नाही.

जमीन घेताना आपण नुसता आजचा सातबारा बघतो का? फेरफार काढतो, मागे मागे जातो, कुणाकडून कुणाकडे कशी आली ते बघतो. मधला एक फेरफार गहाळ असला तर वकील मान हलवतो. कंपायलरच्या बाबतीत जगाने वर्षानुवर्षं नुसता आजचा उतारा बघून व्यवहार केले.

सगळ्या भाषांनी जिना सारखा जपलेला नाही, आणि याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. गो ने चांगलं केलं. 2015 मध्ये 1.5 आवृत्तीपासून त्यांचा कंपायलर गो मध्ये आला, पण सी मधली शेवटची 1.4 त्यांनी मुद्दाम पायरी म्हणून ठेवली. आज 1.4 ने 1.17, तिने 1.20, तिने 1.22, तिने 1.24 असं मोजक्या उड्यांत वर येता येतं, आणि कुठल्या आवृत्तीला कुठली लागते हे लिहून ठेवलेलं आहे. रस्ट मला भाषा म्हणून जास्त आवडते, पण तिथे प्रत्येक आवृत्तीला साधारण आधीचीच आवृत्ती लागते आणि नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी. मूळचा कंपायलर ओकॅमल भाषेत होता, 2011 मध्ये तो रस्टने रस्टला बांधू लागला आणि जुनी शिडी मागे राहिली. नशीब की एका माणसाने सी++ मध्ये एमरस्टसी नावाचा वेगळा कंपायलर लिहिला आणि त्यामुळे मधूनच गाडीत चढता येतं. एवढ्या मोठ्या भाषेचा वंश एका उत्साही माणसाच्या मोकळ्या वेळेवर टिकून असणं मला बरं वाटत नाही.

कुणी म्हणेल, 357 बाइट तपासलेत, पण खालचा प्रोसेसर? लिनक्सचं कर्नल? बरोबर. गिक्सलाही ते सगळं चालवायला तयार कर्नल आणि गाइल नावाची एक तयार बायनरी लागतेच. पूर्ण अविश्वास परवडत नाही. पण दुसराही रस्ता आहे. डेव्हिड व्हीलरने 2005 मध्ये मांडला, पुढे 2009 मध्ये त्याच्यावर पीएचडी केली. शंका असलेल्या कंपायलरचा कोड एका अगदी वेगळ्या घराण्यातल्या कंपायलरने बांधा, जे येईल त्याने तोच कोड पुन्हा बांधा, आणि मूळ बायनरीशी बिट न् बिट ताडून बघा. जुळलं तर लबाडी असायला दोन अनोळखी घराण्यांनी एकच चोरी सारखीच केलेली असायला हवी. घरात विरजण खराब झाल्याची शंका आली की शेजारच्या वहिनींकडून वाटीभर आणतो, तेच.

आता आपल्या अंगणात.

26 मे 2020 ला आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड अ‍ॅपचा सोर्स कोड खुला झाला. चांगलं पाऊल, मी तेव्हा कौतुकाची पोस्टही टाकली होती. त्या आठवड्यात माझ्या भिंतीवर भांडणं झाली ती सगळी "कोडात काय आहे" यावर. माझ्या फोनमध्ये जे उतरलंय ते याच कोडातून बांधलंय हे मी माझ्या टेबलावर कसं तपासू, हे मीही विचारलं नाही. हे अशक्य नसतं. सिग्नलच्या अँड्रॉइड अ‍ॅपला ती सोय 2016 पासून आहे: कोड घ्या, स्वतः बांधा, फोनमधल्याशी ताडा. डेबियनची मंडळी 2013 पासून आपल्या हजारो पॅकेजांसाठी हेच करत आलीत. आणि सी-डॅकचं बॉस लिनक्स, जे स्वदेशी म्हणून सांगितलं जातं, ते डेबियनवरच आधारलेलं आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. विरजण शेजारचं असलं म्हणून दही परकं होत नाही. पण मग "स्वदेशी" या शिक्क्यापेक्षा "तुम्ही स्वतः बांधून ताडून बघा" ही सोय मला नागरिक म्हणून जास्त कामाची आहे.

निविदांमध्ये एक ओळ असते: कंत्राटदाराने सोर्स कोड हस्तांतरित करावा. त्या ओळीची किंमत मी लाल पेनात मोजलेली आहे. माझी मागणी छोटी आहे. अंतिम बिल काढायच्या आधी कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या माणसाने, कोऱ्या मशीनवर, फक्त दिलेला कोड आणि दिलेली कागदपत्रं वापरून, अधिकाऱ्यासमोर प्रोग्राम बांधून दाखवावा. लागणारी प्रत्येक लायब्ररी आणि कंपायलरची नेमकी आवृत्ती यादीत हवी आणि जपून ठेवलेली हवी. आणि तयार झालेली बायनरी सर्व्हरवर चालणाऱ्या बायनरीशी जुळायला हवी. जुळली नाही तर बिल थांबवा. यात फार खर्च नाही, एक दिवसाचं काम आहे. नगरपालिकेने 357 बाइटपासून सुरुवात करावी असं मी म्हणत नाहीये, निदान भंगारातल्या पीसीपासून तरी नको.

गुरुजी आता नाहीत. 84 रुपये त्यांना पुढच्या वर्षी वजावटीत मिळाले. "थकबाकीदार नाही" असा कागद मात्र त्यांना मिळालाच नाही, कारण सिस्टममध्ये ते थकबाकीदार होते आणि कागद सिस्टममधूनच निघायचा.

येत्या सोमवारी मी आपल्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. तीन प्रश्न: मालमत्ता कर आणि पाणीपट्टीच्या सध्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कार्यालयाच्या ताब्यात आहे का, तो शेवटचा कधी, कोणत्या मशीनवर, कोणी बांधला, आणि आज चालू असलेला प्रोग्राम त्यातूनच बांधलेला आहे हे ताडून बघितल्याची नोंद आहे का. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. तुमच्या नगरपालिकेसाठी, ग्रामपंचायतीसाठी, सोसायटीच्या पतसंस्थेसाठी उचला, नाव बदला आणि द्या. उत्तर आलं की इथे टाका. आणि तो ए-फोर कागद बघायचा असेल तर रविवारी सकाळी घरी या, पेन्सिलीच्या खुणांसकट दाखवतो.